मेडिकलला नंबर लागतोय, आता कोणता कागद आधी?

माझी सगळी नोकरी मराठवाड्यातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थी विभागात झाली. एमबीबीएसचे प्रवेश सुरू झाले की कागदपत्रं तपासायच्या टेबलावर मी असायचे. आता निवृत्त झाले, तरी नीटचा निकाल लागला की फोन यायला लागतात. "काकू, पोरीचा नंबर लागेल असं वाटतंय, काय काय कागद लागतील?" यादी राज्याचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत छापलेली असते, ती कुणालाही मिळते. पण यादी वरून खाली गोळा करत गेलं की नेमका एखादा कागद शेवटी अडतो आणि तोवर हातात दोनच दिवस उरलेले असतात. म्हणून मी यादीपेक्षा क्रम सांगते.

दुसऱ्या कचेरीतल्या कुणाच्या तरी सहीशिवाय मिळत नाही, तो कागद सगळ्यात आधी. एका दिवसात होणारा त्याच्यानंतर. कपाटात आहे तो शेवटी काढा, पण खरंच आहे का, हे आजच कपाट उघडून बघा. दहावीचं मूळ बोर्ड प्रमाणपत्र शाळेतून आणलेलंच नाही, हे कितीतरी घरांत प्रवेशाच्या आदल्या रात्री कळतं. मार्कलिस्ट आणली म्हणजे प्रमाणपत्र आणलं, असा समज असतो. ते दोन वेगळे कागद आहेत.

कोणत्या दाराने जाताय?

महाराष्ट्रातल्या मुलांना दोन दारं असतात. शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि त्यांची प्रक्रिया दिल्लीची एमसीसी, म्हणजे केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती करते. एम्स आणि अभिमत विद्यापीठंही तिच्याचकडे. उरलेल्या ८५ टक्के जागा आणि राज्यातली खासगी महाविद्यालयं मुंबईच्या राज्य सीईटी सेलकडे. बहुतेक मुलं दोन्हीकडे अर्ज भरतात आणि भरावाच. मात्र दोन्ही दारांना एकच दाखला चालत नाही.

ओबीसीचं उदाहरण घ्या. राज्याच्या प्रवेशाला राज्याच्या नमुन्यातलं नॉन क्रिमीलेअर, म्हणजे घर उत्पन्नाच्या मर्यादेत बसतं असं प्रमाणपत्र लागतं, अखिल भारतीय कोट्याला केंद्राच्या नमुन्यातलं. शिवाय तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का, ते पाहावं लागतं, कारण राज्याच्या यादीतली प्रत्येक जात तिथे असतेच असं नाही. व्हीजे (विमुक्त जाती), एनटी (भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागासवर्ग), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) हे प्रवर्ग आपल्या राज्याचे आहेत. केंद्राच्या अर्जात ते सापडत नाहीत, म्हणून गोंधळून चुकीचा रकाना भरू नका. ईडब्ल्यूएसचंही, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचंही तसंच, राज्याचा नमुना निराळा आणि केंद्राचा निराळा. तहसीलला अर्ज करतानाच दोन्ही मागून घ्या.

राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी अधिवास म्हणजे डोमिसाईल लागतं. शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली असावी लागते. केंद्र किंवा राज्य सरकारी नोकरीतल्या बदलीसारख्या कारणांसाठी काही सवलती आहेत, त्या माहितीपुस्तिकेत नीट वाचा. हे मी मुद्दाम लवकर सांगते आहे, कारण अकरावी-बारावीला मुलाला राजस्थानातल्या कोटा शहरात क्लाससाठी पाठवून तिथल्याच शाळेत नाव घालणारे पालक मी पाहिले आहेत. मुलगा हुशार, मार्क चांगले, आणि राज्याचा कोटा हातातून गेलेला. ज्यांची मुलं अजून दहावीत आहेत त्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं. बेळगाव, बिदर, कारवारकडच्या ८६५ सीमावर्ती गावांतल्या मराठी मुलांसाठी मात्र वेगळ्या राखीव जागा आहेत. त्यांनी तो प्रवर्ग अर्जातच निवडायचा, नंतर तो जोडता येत नाही.

बारावीला इंग्रजी आणि फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवेत, तिन्ही विषयांत मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. यात अडणारं मूल क्वचितच असतं.

जात वैधता: हा एक कागद वर्षभर आधी

माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त डोळे पाण्याने भरलेले मी याच कागदापायी पाहिले. जातीचा दाखला म्हणजे प्रांताधिकाऱ्याच्या सहीचं प्रमाणपत्र. वैधता त्याहून वेगळी. तो दाखला खरा आहे, हे जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीने तपासून दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे वैधता. अनुसूचित जमातींसाठी त्यांच्या स्वतंत्र तपासणी समित्या आहेत. महाराष्ट्रात राखीव जागेवर वैद्यकीय प्रवेश घ्यायचा तर वैधता हवीच. ती नसेल तर मूल खुल्या गटात धरलं जातं आणि खुल्या गटाच्या गुणवत्तेत बसलं नाही तर जागा जाते.

अकरावीला प्रवेश झाला की लगेच अर्ज करा. ऑनलाइन अर्ज भरायचा, कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांचं पत्र जोडायचं आणि ज्या जिल्ह्यातून जातीचा दाखला निघाला त्या जिल्ह्याच्या समितीकडे प्रत द्यायची. तुम्ही पुण्यात राहता आणि दाखला हिंगोलीचा आहे, तर समिती हिंगोलीची. हे कळेपर्यंत कितीतरी लोकांचा महिना जातो.

समितीला जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग आणि विशेष मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीची, रक्ताच्या नात्यातल्या कुणाची तरी जातीची आणि राहण्याची नोंद शोधायची असते. आजोबांच्या शाळेच्या प्रवेश निर्गम रजिस्टरचा उतारा सगळ्यात भक्कम. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांचे भाऊ, चुलत भाऊ. त्यांचंही नसेल तर तहसीलमधली गाव नमुना चौदाची जन्म-मृत्यूची नोंद, जुनी खरेदीखतं, महसुली कागद. मराठवाड्यात जुन्या नोंदी उर्दूत सापडतात, पश्चिम महाराष्ट्रात मोडीत. अशा नोंदीची नक्कल काढल्यावर जाणकाराकडून अधिकृत मराठी लिप्यंतर किंवा भाषांतर करून घ्यावं लागतं. त्याला वेळ द्या.

वडील, सख्खी आत्या, काका, चुलत भावंडं यांच्यापैकी कुणाकडे आधीच वैधता असेल तर वाट बरीच सोपी होते. त्यांच्या वैधतेची प्रत, त्यांचं प्रतिज्ञापत्र आणि त्यांच्यापासून तुमच्यापर्यंतची वंशावळ जोडायची. यासाठी भाऊबंदकीतले रुसवे बाजूला ठेवून पंधरा वर्षं न बोललेल्या काकांच्या दारात जायला लागलं तरी जा. मुलीच्या डॉक्टर होण्याचा कागद आहे म्हटल्यावर बहुतेक काका कपाट उघडतात, हे मी ऐकलं आहे आणि पाहिलंही आहे.

समितीकडून त्रुटीचं पत्र आलं तरी घाबरायचं कारण नसतं. काय कमी आहे ते त्यात लिहिलेलं असतं, तेवढं दिलेल्या मुदतीत द्यायचं. अर्जात दिलेला मोबाईल नंबर मात्र बंद करू नका. अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराने स्वतःचा नंबर टाकला असेल तर आजच बदलून घ्या, नाहीतर त्रुटीचा निरोप त्याच्या फोनवर येऊन पडून राहतो.

व्हीजे, एनटी, ओबीसी, एसबीसी, एसईबीसी या सगळ्यांना वैधतेबरोबर नॉन क्रिमीलेअरही लागतं. एससी, एसटीला ते लागत नाही. त्याची मुदत पाहा. ज्या शैक्षणिक वर्षाचा प्रवेश आहे त्या वर्षात येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत ते चालू हवं. जूनमध्ये कपाटातून काढलेलं नॉन क्रिमीलेअर त्याच वर्षीच्या मार्चला संपलेलं असतं, असं फार होतं. ईडब्ल्यूएस तर दर आर्थिक वर्षाला नवं. एप्रिल उजाडला की आपले सरकारच्या पोर्टलवर किंवा सेतूत जाऊन हे अर्ज टाका. जून-जुलैत साऱ्या तालुक्याची अकरावी, डिप्लोमा, इंजिनिअरिंगची मुलं त्याच रांगेत असतात. जात, उत्पन्न, अधिवास, नॉन क्रिमीलेअर यांच्या अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, हे शासनाने २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. कुणी ५०० रुपयांचा स्टॅम्प मागितला तर नम्रपणे विचारा, कोणत्या आदेशाने?

नाव सगळीकडे तेच आहे का?

सगळे कागद जमिनीवर एका ओळीत मांडा आणि फक्त नाव वाचत जा. दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची मार्कलिस्ट, नीटचं स्कोअरकार्ड, आधार, जातीचा दाखला, वैधता, डोमिसाईल. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख. इंग्रजी आणि मराठी दोन्ही स्पेलिंगं. कुठे देशमुखमधला एक स्वर कमी, कुठे वडिलांचं नाव रामराव तर कुठे नुसतं राम, कुठे आईचं माहेरचं नाव. हे काम मुलाला करू द्या, तरुण नजर लवकर पकडते. पण शेजारी बसा.

फरक सापडला तर दहावीचं प्रमाणपत्र खरं धरा आणि बाकीचे कागद त्याच्याप्रमाणे करून घ्या. आधार कार्ड दुरुस्त होतं. दाखल्यातली टंकलेखनाची चूक सेतूत दुरुस्त होते. एक-दोन अक्षरांचा फरक असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. आडनावच बदललं असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो आणि त्याची प्रत जोडावी लागते. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद शाळा सोडल्यानंतर बदलणं फार जिकिरीचं आहे, म्हणून धाकटं भावंड दहावीत असेल तर त्याचं आताच बघून घ्या.

आणि एक विनंती. कागद लॅमिनेट करू नका. जुने दाखले जपायच्या हेतूने लोक प्लास्टिक चढवतात, मग त्यावर शिक्का बसत नाही, मागची बाजू तपासता येत नाही. साध्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेला कागद तितकाच सुरक्षित राहतो.

ड्रॉप घेतलेली मुलं

आमच्याकडे येणाऱ्यांत एक-दोन वर्षं लातूरला किंवा घरी बसून पुन्हा नीट दिलेली मुलं खूप असतात. त्यांनी गॅपचं प्रतिज्ञापत्र करायचं, मधल्या काळात कुठेही प्रवेश घेतलेला नाही असं. नमुना पुस्तिकेत असतो.

पण मधल्या वर्षी बीएएमएस, बीडीएस, नर्सिंग किंवा बीएस्सीला प्रवेश घेतला असेल तर तो लपवून गॅप दाखवू नका. तुमचा शाळा सोडल्याचा दाखला त्या कॉलेजात जमा आहे, त्यामुळे ते उघड होतंच. सरळ तिथला प्रवेश रद्द करा, मूळ कागद आणि नवा दाखला घ्या. त्या कॉलेजची फी बाकी असेल तर त्याचा हिशेब आधी मिटवावा लागतो आणि त्यात दिवस जातात. नीटचे मार्क कळताच, निवड यादीची वाट न बघता, त्या कॉलेजच्या कार्यालयात नियम काय आहेत ते विचारून या.

बारावीचा मूळ दाखला, ज्याला आपण एलसी किंवा टीसी म्हणतो, तो कनिष्ठ महाविद्यालयातून आणलेला हवा आणि त्यावर राष्ट्रीयत्व भारतीय असं लिहिलेलं आहे का ते पाहा. सीबीएसईच्या मुलांना आरोग्य विद्यापीठाच्या पात्रतेसाठी बोर्डाचं मायग्रेशन, म्हणजे बोर्ड सोडल्याचं प्रमाणपत्र लागतं. महाराष्ट्र बोर्डाच्या मुलाला दुसऱ्या राज्यात जागा लागली तर त्याने आपल्या विभागीय मंडळाकडून मायग्रेशन आणावं. लातूरच्या मुलाला लातूर विभागीय मंडळ, मुंबईच्या मुलाला वाशी.

तब्येतीचे कागद

वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र पुस्तिकेतल्या नमुन्यावरच घ्या. डॉक्टर नोंदणीकृत हवेत आणि सहीखाली त्यांचा नोंदणी क्रमांक स्पष्ट दिसणारा शिक्का हवा. लेटरहेडवरची चिठ्ठी चालत नाही. दिव्यांग प्रवर्गाच्या मुलांनी साधं जिल्हा रुग्णालयाचं प्रमाणपत्र पुरेसं मानू नये. प्रवेशासाठी ठरवून दिलेल्या केंद्रावरच तपासणी करून घ्यावी लागते. मुंबईत हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था हे असं एक जुनं केंद्र आहे. तिथली वेळ आधी घेऊन ठेवा.

हिपॅटायटिस बीच्या लसीबद्दल मी प्रत्येक घरात आग्रहाने बोलते. डॉक्टर होणाऱ्या मुलाचा रक्ताशी, सुईशी संबंध येणारच. या लसीचे तीन डोस असतात, पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. म्हणजे प्रवेशानंतर पहिला डोस घेतला तर तिसऱ्याला पहिलं सत्र संपत येतं. नीटची परीक्षा मे महिन्यात होते. पेपर देऊन आल्यावर त्याच आठवड्यात पहिला डोस घ्या, नंबर लागो वा न लागो, लस वाया जात नाही. लहानपणचं लसीकरण कार्ड आईच्या पेटीत असेल तर शोधा. बालपणी डोस झाले असतील तर अँटीबॉडी तपासून पुढचं ठरवता येतं, तुमच्या डॉक्टरांना विचारा. धनुर्वात, गोवर, कांजिण्या यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

मुलाला दमा, फिट्स, मधुमेह, नैराश्याचं औषध असं काही चालू असेल तर ते दडवू नका. प्रवेश त्यामुळे जात नाही, आणि वसतिगृहात रात्री दोनला काही झालं तर जवळ असणाऱ्यांना ते माहीत असायला हवं.

पैसे

फीचा आकडा महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर असतो. त्यावरून शिक्षण शुल्क, वसतिगृह, अनामत असं वेगवेगळं लिहून काढा. काही ठिकाणी ऑनलाइन भरता येते, काही ठिकाणी अधिष्ठात्यांच्या नावे डिमांड ड्राफ्ट लागतो. ड्राफ्टवर नाव कसं हवं ते फोन करून विचारा. प्रवेशाच्या फेऱ्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात पडतात आणि मध्ये स्वातंत्र्यदिन, पोळा, गणपती, दसरा सगळं येतं. बँकेच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर बघून ड्राफ्ट काढा. कर्ज घेणार असाल तर निवड होण्याआधीच शाखेत जाऊन वडिलांचे कागद देऊन ठेवा, निवडपत्र आलं की तेवढंच जोडायचं राहतं.

महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरच्या योजना प्रवेशानंतर भरायच्या असल्या तरी त्यांची तयारी आधीच लागते. मुलाचं स्वतःचं बँक खातं आणि ते आधारशी जोडलेलं. नुसता आधार क्रमांक बँकेत देऊन भागत नाही, अनुदान याच खात्यात यावं अशी जोडणी करून घ्यायची, बँकेत तसं स्पष्ट सांगा. चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला. खुल्या गटातल्या ज्या घरांचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे त्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. मुलींसाठी शासनाने २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात मोठी सवलत जाहीर केली, ८ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना. या सवलती केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांना मिळतात, म्हणून कॅपच्या फेरीतून मिळालेली जागा सोडताना हाही हिशेब करा.

शासकीय, महापालिकेच्या आणि अनुदानित महाविद्यालयांत बंधपत्र लिहून द्यावं लागतं. एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सामाजिक उत्तरदायित्वाची सेवा, नाही केली तर १० लाख रुपये. ते पालक वाचत नाहीत, सही करतात. मुलाला मोठ्याने वाचायला लावा. एक वर्ष आपल्याच राज्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करायचं आहे, हे त्याला पहिल्या दिवशी माहीत असलेलं बरं.

नंबर लावून देतो म्हणून फोन करणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. जागा गुणवत्तेच्या यादीने संगणकावर लागते. फीव्यतिरिक्त देणगी घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. मराठवाड्यातल्या साध्या शेतकऱ्यांना जमीन विकून अशा माणसांना पैसे देताना पाहिलं की जीव तुटतो.

प्रत्यक्ष त्या दिवशी

गाव लांब असेल तर शेवटच्या तारखेला पोचायचा बेत करू नका. कोल्हापूरच्या मुलाला गोंदिया लागू शकतं आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसने जायचं तरी पूर्ण एक दिवसाहून जास्त प्रवास होतो. यादी लागली त्याच रात्री निघा.

सोबत मूळ कागदांची एक फाईल आणि स्वसाक्षांकित झेरॉक्सचे तीन संच. निवडपत्र, अर्जाची प्रत, नीटचं प्रवेशपत्र आणि स्कोअरकार्ड वर. प्रवेशपत्रावरचाच फोटो पासपोर्ट आकारात भरपूर. मूळ कागद महाविद्यालयात जमा होतात आणि सहज परत मिळत नाहीत. म्हणून घरून निघायच्या आधी प्रत्येक कागद रंगीत स्कॅन करून मुलाच्या आणि आईच्या, दोघांच्या ईमेलवर ठेवा. वैधतेच्या साक्षांकित प्रती जास्तीच्या काढा, कारण धाकट्या भावंडाच्या वैधतेला हीच प्रत लागणार आहे. काय काय जमा केलं याची शिक्क्यासह पावती घ्या. ती पावती हरवू नका, पुढे प्रवेश बदलला तर तिच्यावरच कागद परत मिळतात.

राज्याच्या फेऱ्यांत स्टेटस रिटेन्शन नावाचा फॉर्म असतो. मिळालेली जागा पक्की ठेवायची आणि पुढच्या फेरीत जायचं नाही, असं ठरलं असेल तरच तो भरायचा. तो भरला नाही तर तुम्ही पुढच्या फेरीत आपोआप धरले जाता, वरच्या पसंतीची जागा लागली की आधीची जागा त्याच क्षणी जाते. दोन्ही हातात राहत नाहीत. पसंतीक्रमात आपण नागपूरच्या वर कोणतं कॉलेज लिहिलं होतं, हे कित्येकांना आठवत नसतं. पसंतीक्रमाची छापील प्रत समोर ठेवून, मुलाशी बोलून, मग टेबलावर या. टेबलावर उभं राहून फोनवर मामांना विचारून हा निर्णय घेऊ नका. घरापासूनचं अंतर, वसतिगृह, जुनं रुग्णालय की नुकतंच सुरू झालेलं, तिथे रुग्ण किती येतात, हे सगळं आधी बघून ठेवायचं. २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा नवी शासकीय महाविद्यालयं सुरू झाली. त्यांच्यापैकी एखादं लागलं तर नाराज होण्याआधी तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलाशी बोला.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाची जागा लागली तर थोडी वेगळी तयारी. तिथे मुलं खादी वापरतात आणि सुरुवातीला गांधीजींच्या आश्रमात शिबिर असतं. नवे जीन्स-टीशर्ट घेण्याआधी तिथून येणारी सूचना वाचा.

जागा पक्की झाल्यावर

रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र मुलाने आणि पालकाने ऑनलाइन भरायचं असतं, त्याचा क्रमांक जपून ठेवा. मुलाच्या फोनमध्ये १८००-१८०-५५२२ हा मदतीचा क्रमांक साठवून द्या. घरी सांगायला लाज वाटली तरी तिथे फोन करता येतो, हे त्याला तुमच्या तोंडून कळू द्या.

हाडांचा संच, महागडी पुस्तकं, स्टेथोस्कोप पहिल्या आठवड्यात घेऊ नका. पांढरा एप्रन पूर्ण बाह्यांचे दोन, बंद बूट, डिसेक्शनची पेटी, एवढ्यावर सुरुवात होते, आणि पेटीसुद्धा शरीररचनाशास्त्र विभाग काय सांगतो ते ऐकून. वरच्या वर्गातली मुलं पुस्तकं आनंदाने देतात. हजेरी पहिल्या दिवसापासून मोजली जाते, थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के लागते. उशिराच्या फेरीत आलेल्या मुलांनी बुडालेल्या तासांचं काय करायचं ते विभागात लगेच विचारावं.

काही दिवसांनी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा पात्रता अर्ज भरून घेतात. वर्गात गडबडीत, सगळ्यांबरोबर, पाच मिनिटांत. त्यात जे नाव आणि जे स्पेलिंग मूल लिहील, तेच पुढे गुणपत्रिकेवर, पदवीवर आणि वैद्यक परिषदेच्या नोंदणीवर जातं. त्या दिवशी दहावीच्या प्रमाणपत्राची प्रत मोबाईलवर उघडी ठेवून एकेक अक्षर त्यावरून उतरवायचं, आणि आईचं नाव लिहायला विसरायचं नाही.